सोयरसुतक : 'अ मॅटर ऑफ टाइम'मधील आजोळ

मराठी भाषेने आनंद आणि शोक यांना एका जोडशब्दात बांधून ठेवले आहे. घरात मूल जन्मले की सोयर येते, माणूस गेले की सुतक येते. दोन्ही वेळी घर काही दिवस देवकार्यापासून दूर राहते आणि दोन्ही वेळी या दूर राहण्याची मुदत नात्याच्या अंतराप्रमाणे कमीअधिक होते. व्यवहारात मात्र 'सोयरसुतक' हा शब्द बहुधा नकाराच्या सोबतीनेच येतो. अमक्याला तमक्याचे सोयरसुतक नाही, असे म्हटले की दोघांमधला संबंध संपल्याचे सांगून होते. या नकारातच नात्याची एक व्याख्या दडलेली आहे : ज्याच्या जन्माचा आनंद आणि ज्याच्या मृत्यूचा शोक आपल्या उंबरठ्याच्या आत येतो, तो आपला. शशी देशपांडे यांची 'अ मॅटर ऑफ टाइम' (१९९६) ही इंग्रजी कादंबरी या व्याख्येची कसोटी पाहते. एकाच छपराखाली राहून पत्नीशी तीस वर्षांहून अधिक काळ एक शब्दही न बोललेला पुरुष मरण पावला, तर त्याचे सुतक त्या पत्नीला लागते काय? धर्मशास्त्राचे उत्तर सरळ आहे. कादंबरीचे उत्तर तितके सरळ नाही, आणि म्हणूनच ते तपासून पाहण्याजोगे आहे.

मराठी वाचकाला ही कादंबरी परकी वाटण्याचे कारण नाही. शशी देशपांडे यांचा जन्म १९३८ मध्ये धारवाडला झाला. वडील आद्य रंगाचार्य, म्हणजे कन्नड रंगभूमीचे श्रीरंग, आई मराठी. लेखनाची भाषा इंग्रजी झाली आणि वास्तव्य दीर्घकाळ बंगळूरला घडले. 'दॅट लाँग सायलेन्स' या कादंबरीला १९९० चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. पुढे २०१० मध्ये गौरी देशपांडे यांच्या 'निरगाठी'चा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. तीन भाषांच्या संगमावर उभ्या असलेल्या या लेखिकेच्या घरगुती जगात मराठी आणि कन्नड यांच्यामधील भिंत फारशी उंच नाही. 'अ मॅटर ऑफ टाइम'मध्ये तर ती भिंत कथेच्या पायातच विरून गेली आहे. कर्नाटकात घडणाऱ्या या कथेतील मोठ्या घराचे नाव 'विश्वास' आहे. वाचकाला आधी ते एका सद्गुणाचे नाव वाटते. प्रत्यक्षात ते एका पूर्वजाचे आहे. पेशव्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेत उतरून तेथेच स्थायिक झालेल्या मूळ पुरुषाचे ते नाव भिंतीतल्या दगडावर कोरलेले आहे आणि आता जवळजवळ पुसट झाले आहे.

हा तपशील कल्पित असला तरी त्यामागचा इतिहास कल्पित नाही. विजापूरच्या रणदुल्लाखानाने १६३८ मध्ये केंपेगौडाकडून बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. जयराम पिंड्ये याच्या 'राधामाधवविलासचंपू'त शहाजीराजांच्या दरबारातील बहुभाषिक कविमंडळाचे जे चित्र येते, ते या दक्षिणी मराठी जीवनाचे आरंभीचे साक्षीपत्र होय. आज बंगळूरच्या मल्लेश्वरम भागात असलेल्या काडु मल्लेश्वराच्या देवळाला एकोजीराजांनी १६६९ मध्ये एक गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे. पुढील शतकात पेशव्यांच्या स्वाऱ्या कर्नाटकात झाल्या. अशा लाटांबरोबर आलेली घराणी तेथेच रुजली आणि दोन-तीन पिढ्यांत त्यांच्या स्वयंपाकघरातील व देवघरातील रीती कन्नड झाल्या. आडनाव, एखादे कुलदैवत, दगडावरचे एखादे अक्षर एवढीच जुन्या मुलखाची खूण राहिली. 'विश्वास' हे घर अशा अर्धवट पुसलेल्या खुणेचे घर आहे. कोणाच्या तरी येण्याने ते वसले आणि पुढे कोणाच्या तरी जाण्याने ते हलत राहिले.

कादंबरीचा आरंभही एका जाण्यानेच होतो. प्राध्यापक असलेला गोपाल एका संध्याकाळी पत्नी सुमीला आपण घर सोडून जात असल्याचे सांगतो. त्याला दुसरी स्त्री नाही, भांडण नाही, कर्ज नाही. सुमी त्याला अडवत नाही, जाबही विचारत नाही. अरू, चारू आणि सीमा या तीन मुलींना घेऊन ती वडिलांच्या, श्रीपतीच्या, सोबतीने माहेरी येते. मुलींच्या दृष्टीने हे आजोळी जाणे आहे. मराठी मनात आजोळ या शब्दाला सुटीचा, आंब्यांचा आणि लाडाचा वास आहे. आजोळी मूल पाहुणे असते. त्याच्यावर घर चालवण्याची जबाबदारी नसते आणि त्याच्या परतीचा दिवस ठरलेला असतो. या तिघी आजोळी येतात तेव्हा परतीचा दिवस ठरलेला नाही. पिता जिवंत असून नाहीसा झाला आहे, आणि त्याचा शोक कसा करावा याचा कोणताही विधी कोणत्याही पोथीत नाही. मृत्यूला दहावा दिवस असतो, तेरावा असतो, गोडाचे जेवण असते. सोडून जाण्याला काहीच नसते. मोठी मुलगी अरू या विधीच्या अभावानेच सर्वांत अधिक होरपळते. ती वडिलांना गाठून कारण विचारते, कायद्याची वाट चोखाळून पाहते. तिचा संताप म्हणजे एका परीने सुतकाची मागणी आहे : झाले आहे ते काय आहे याला कोणीतरी नाव द्यावे, त्याची मुदत सांगावी.

मुलींना अज्ञात असे एक सुतक त्या घरात आधीपासूनच चालू आहे. आजोबा श्रीपती माडीवर एकटे राहतात, आजी कल्याणी खाली. त्यांचा चार वर्षांचा मतिमंद मुलगा कल्याणीच्या हातून मुंबईच्या बोरीबंदर स्थानकावर, गर्दीत, हरवला आणि पुन्हा सापडला नाही. त्या दिवसापासून श्रीपती पत्नीशी बोललेला नाही. कल्याणी सुमी आणि प्रेमी या दोन मुलींना घेऊन माहेरी आली. श्रीपतीही पुढे याच घरात परतला, पण वरच्या मजल्यावर. ज्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या घरात सुमी आसरा घ्यायला आली आहे, त्याच घरात तिची आईही तशीच परत आलेली होती. हे साम्य लेखिका आग्रहाने मांडत नाही. ते जिन्याच्या पायऱ्यांसारखे कथेत अंगभूत आहे.

येथे कादंबरीतील नात्यांची रचना अधिक बारकाईने पाहावयास हवी. कारण तिचा खरा अर्थ त्या रचनेत आहे आणि तो मराठी वाचकालाच चटकन जाणवण्यासारखा आहे. श्रीपती हा कल्याणीचा नवरा होण्याआधी तिचा सख्खा मामा होता. कल्याणीची आई मनोरमा गरीब घरातून या श्रीमंत घराण्यात आलेली. तिला मुलगा झाला नाही. एकुलती मुलगी परक्या घरी गेली तर सारे वैभव हातून जाईल, या भयाने तिने गणितात तल्लख असलेल्या कल्याणीची शाळा थांबवली आणि आपल्या धाकट्या भावाशी तिचे लग्न लावले. मामा-भाचीचा विवाह कर्नाटकात रूढ आहे, महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी तो वर्ज्य. इरावती कर्वे यांनी भारतीय आप्तसंबंधांच्या अभ्यासात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात ठेवले, ते अशाच भेदांच्या आधारे. पेशव्यांच्या फौजेतून आलेले घराणे या विवाहात पूर्णपणे दक्षिणेचे झालेले दिसते. पण मराठी कानाला 'मामा' या शब्दात जे आजोळ ऐकू येते, त्याचे काय झाले? कल्याणीचा मामा तिचा नवरा झाला आणि मामा म्हणून तिला कायमचा अंतरला. आणि स्थानकावर हरवलेला तो चार वर्षांचा मुलगा? तो जगता, तर अरू, चारू आणि सीमा यांचा मामा तोच असता. ज्या घरी मामाच्या ओढीने जायचे त्या घरात मामाच नाही. आणि त्याचे नसणे हेच त्या घराचे मौन आहे. मुली आजोळी येतात म्हणजे, नकळत, मामाच्या रिकाम्या जागेत येतात. या एका रचनेत लेखिकेने वारसाची हाव, मुलगा हवा हा हट्ट आणि त्या हट्टाची स्त्रियांनी मोजलेली किंमत यांची गाठ मारली आहे. त्यासाठी तिला एकही घोषवाक्य लिहावे लागलेले नाही.

श्रीपतीचे मौन हे शोकाचे रूप आहे की शिक्षेचे, हा प्रश्न कादंबरी शेवटपर्यंत उघडा ठेवते. हरवलेल्या मुलाचे सुतक फिटत नाही, कारण तो मेला की नाही हेच कोणाला ठाऊक नाही. देह मिळाला नाही म्हणून अग्नी नाही, अग्नी नाही म्हणून अखेर नाही. अशा शोकाला बाहेर पडण्याची वाट नसते, आणि वाट नसलेला शोक बहुधा जवळच्या माणसावर दोषारोप होऊन उतरतो. श्रीपतीने पत्नीला दोषी ठरवले, पण स्वतःलाही त्याने माडीवरच्या खोलीत कोंडून घेतले. त्याच वेळी हेही विसरता येत नाही की मौन पाळण्याचा अधिकार त्याचा होता आणि ते सोसण्याचे काम तिचे. मूल तिचेही हरवले होते. तिच्या शोकाला मात्र घरात जागा उरली नाही. ती सारी जागा त्याच्या शोकाने व्यापली. कादंबरीच्या आरंभी बृहदारण्यक उपनिषदातील याज्ञवल्क्याची आठवण आहे : गृहस्थाश्रम सोडून निघताना तो मैत्रेयीला तसे सांगतो, तिच्या वाट्याची व्यवस्था लावू पाहतो, आणि ती त्याला अमृतत्वाविषयी विचारते. गोपाल निघतो तेव्हा सुमी विचारत नाही. श्रीपती माडी चढतो तेव्हा कल्याणीला विचारण्याची सोयच नसते. परंपरेतील त्या थोर संवादाच्या सावलीत दोन पिढ्यांचे दोन अ-संवाद ठेवून लेखिकेने वैराग्य या मूल्याकडे बायकांच्या बाजूने पाहिले आहे. पुरुषाचे जाणे तत्त्वज्ञान होते, मागे राहणाऱ्या स्त्रीचे दुसऱ्या दिवशी चूल पेटवणे मात्र तत्त्वज्ञानात मोजले जात नाही.

तरीही ही दुःखाचीच कादंबरी आहे असे म्हणणे तिच्यावर अन्याय करणारे ठरेल. तीन नाती घरात आल्याबरोबर घराचा आवाज बदलतो. परीक्षा, अभ्यास, मैत्रिणी, कपडे, रुसवे यांची वर्दळ सुरू होते. कल्याणी आणि तिची लहानपणापासूनची सोबतीण गोदा यांच्या गप्पांना नवे श्रोते मिळतात. दुर्दैवाच्या निमित्ताने आलेले हे पाहुणपण कल्याणीला हवेहवेसे आहे. लेकीचा संसार मोडल्याचे दुःख आणि लेक घरी आल्याचे सुख तिच्या ठिकाणी एकाच वेळी नांदतात, आणि त्या दोहोंपैकी कोणत्याही भावनेची तिला लाज वाटत नाही. सुमीही हळूहळू मोकळी होत जाते. ती स्कूटर चालवायला शिकते, शाळेतील मुलांसाठी नाटक लिहिते, शूर्पणखेची गोष्ट नव्याने सांगण्याचा मनोदय बाळगते, परगावी शिक्षिकेची नोकरी मिळवते. सोडून दिलेली बाई म्हणून लोकांनी तिच्याकडून जी उदासी अपेक्षिलेली आहे, ती तिच्याकडे नाही. शोकाच्या घरातील हे हसू निर्लज्ज नव्हे, हे ओळखणे हे या कादंबरीचे मोठे यश आहे.

महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी'शी (प्रथम प्रयोग १९८५) तुलना केली तर हा विशेष अधिक उठून दिसतो. धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात तात्याजी वारलेले आहेत आणि मुंबईहून सुधीर कुटुंबासह आला आहे. तेथे सुतक रीतसर आहे, दिवस मोजलेले आहेत, तेराव्याचा खर्च हाच कलहाचा विषय आहे. सर्वांत वृद्ध दादी मात्र या सुतकाच्या बाहेर आहे. आपला व्यंकटेश गेला हे तिच्या जाणिवेपर्यंत पोहोचतच नाही, ती वेळ विचारत राहते. त्या वाड्यातही आनंदाचा एक क्षण येतो : रात्री वहिनी घराण्याचे सारे सोने अंगावर घालते. पण तो आनंद गतवैभवाचा आहे, तो मागे पाहणारा आहे, आणि तेच सोने पुढे घराबाहेर जाते. एलकुंचवारांच्या वाड्यात विधी आहे, शोक आटलेला आहे. शशी देशपांडे यांच्या घरात शोक आहे, विधी सापडत नाही. एकीकडे आजी मृत्यू न कळल्यामुळे शोकमुक्त आहे, दुसरीकडे आजी सारे कळूनही हसू शकते. दोन्ही घरे एकाच देशस्थी मुशीतली, परंतु पहिल्या घराचा आधार जमीन आणि सोने हा होता, दुसऱ्याचा आधार शेवटी तीन मुली ठरतात.

आणि मग अपघात होतो. सुमी आणि श्रीपती स्कूटरवरून जात असताना दोघांचाही मृत्यू होतो. हे कथानक अनेक वाचकांना खटकणे स्वाभाविक आहे. स्वतःच्या पायावर उभ्या राहू लागलेल्या स्त्रीला नेमक्या त्याच क्षणी मारून लेखिकेने तिच्या स्वातंत्र्याची परीक्षाच टाळली, असा आक्षेप घेता येतो. आणि त्याचे पूर्ण निरसन होत नाही. सुमी नव्या गावी जाऊन एकटीने कशी राहिली असती, हे पाहण्याचा हक्क वाचकाला होता. तथापि लेखिकेची निवड निव्वळ योगायोगाची नाही, हेही मान्य करावे लागते. या घराने आजवर जे शोक केले ते अनिश्चिताचे होते : हरवलेल्या मुलाचा, निघून गेलेल्या नवऱ्याचा, बंद झालेल्या संवादाचा. अपघाताने प्रथमच या घरात निश्चित मृत्यू येतो. आता देह आहेत, अग्नी आहे, दिवस आहेत. ज्या घराला शोक संपवता येत नव्हता त्याला शोक सुरू करता येतो.

कल्याणीच्या विलापाला येथे विशेष महत्त्व आहे. एकाच दिवशी तिने मुलगी गमावली आणि तीन दशकांहून अधिक काळ तिला नाकारणारा नवराही. मुलीसाठी ती रडणार हे उघड आहे. नवऱ्यासाठीही ती आक्रंदते, आणि येथेच वाचकाची न्यायबुद्धी अडखळते. ज्याने तिचे सोयरसुतक तोडले होते त्याच्यासाठी हा आकांत का? त्याला क्षमा म्हणणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. कल्याणीच्या शोकातून श्रीपती निर्दोष ठरत नाही. नाते तोडण्याचा अधिकार एकट्या त्याचा नव्हता, एवढे मात्र त्यातून सिद्ध होते. तो बोलत नव्हता, तरी तिने त्या घरात त्याच्यासाठी जागा ठेवली होती. तो गेल्यावर ती जागा रिकामी झाल्याचे सांगण्याचा हक्क ती बजावते. इतकी वर्षे त्याच्या शोकाने व्यापलेल्या घरात कल्याणी प्रथमच मोठ्याने स्वतःचा शोक करते.

रूढीप्रमाणे आईच्या वडिलांचे सुतक नातवंडांना तीनच दिवसांचे असते; पित्याच्या घराण्याचे दहा दिवसांचे. आजोळ प्रेमाचे असले तरी शास्त्राच्या हिशेबात ते दूरचे असते. कादंबरीचा शेवट हा हिशेब शांतपणे उलटवतो. अरू आजीला कवेत घेते आणि तिची मुलगी व तिचा मुलगाही आपणच, अशी ग्वाही देते. मनोरमेपासून या घराला मुलगा हवा होता. तो मिळाला तेव्हा हरवला, आणि त्याची जागा अखेर एक अठरा-एकोणीस वर्षांची नात भरून काढते. ती त्या जागी बदली म्हणून उभी राहत नाही. मुलगा हवा हा जुना हट्टच ती निरर्थक करून टाकते. परतलेल्या गोपालला ती थांबवत नाही. त्याने जावे, आपण निभावून नेऊ, असे ती त्याला सांगते. आरंभी जी मुलगी कारण मागत होती, ती आता निरोप देऊ शकते. तिला कारण मिळालेले नाही; तिला सोयरसुतक मिळाले आहे. कोणाचे आपल्याला लागते आणि आपले कोणाला लागते, हे तिला कळले आहे.

कादंबरीत उणिवा आहेत. गोपालचे चिंतन काही ठिकाणी व्यक्तीपासून सुटून नुसते निबंधात्म होते. चारू आणि सीमा यांच्या वाट्याला अरूच्या मानाने फारच थोडे अवकाश येते. कुटुंबवृक्ष समोर ठेवल्याशिवाय पहिल्या वाचनात नाती उलगडत नाहीत. पण अनेक आवाजांना जागा देणारे निवेदन कोणाही एकाला न्यायाधीश होऊ देत नाही, ही त्याची जमेची बाजू आहे. पुढे २०१३ मध्ये 'शॅडो प्ले' या कादंबरीत लेखिका पुन्हा याच कुटुंबाकडे वळली आणि तेथील कथेचा आरंभ अरूच्या लग्नाने झाला. सुतकाने संपलेल्या पुस्तकाचे पुढचे पान मंगलकार्याने उघडावे, हे कौटुंबिक जीवनाच्या क्रमाला धरूनच आहे.

बंगळूरमध्ये १८९८ च्या प्लेगनंतर बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या वसाहती वाढल्या. तेथल्या आवारातल्या जुन्या घरांपैकी कितीतरी गेल्या काही दशकांत पाडली गेली आणि त्यांच्या जागी सदनिका उभ्या राहिल्या. माडी आणि तळमजला यांत विभागलेले मौन सांभाळण्याइतकी जागा आता फारशा घरांत नाही. आजीआजोबाच आता मुलांकडे, दुसऱ्या शहरात वा दुसऱ्या देशात, पाहुणे म्हणून जातात. कधी बारशाला, कधी दिवसांना, कधी दोन्हींसाठी एकाच प्रवासात. घरांची रचना बदलली तरी अशा भेटींतला प्रश्न बदललेला नाही. कोणाचा आनंद आणि कोणाचा शोक आपल्या उंबरठ्याच्या आत घ्यायचा, हे प्रत्येक पिढीला नव्याने ठरवावे लागते. 'विश्वास' या घरात ते एका आजीने आणि एका नातीने मिळून ठरवले.